पुढच्या दारानं

मनकर्णा गेल्याचं रंगनाथला कळलं ते नगरच्या स्टेशनात, दोन नंबरच्या फलाटावर, काखेत पितळी परात धरून उभा असताना.

परात तिचे पाय धुवायला आणली होती. पारनेरकडची रीतच तशी. काशी करून माणूस परत आलं की घरच्यांनी त्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं आणि वाजतगाजत गावात न्यायचं. मग चांगला दिवस बघून मावंदं घालायचं, म्हणजे गंगेचा गडू पुजून गावाला जेवण द्यायचं. पूर्वी पाय वेशीवर धुवायचे. आता स्टेशनातच धुतात. फोटो चांगले येतात म्हणून.

बायकोला, मनकर्णाला, काशीला पाठवायचं रंगनाथच्या मनात नव्हतं. गावात त्याची पिठाची गिरणी. ती दळण घ्यायची, तो जात्याचं बघायचा. एकटीनं कुठं जायची तिला सवय नव्हती आणि तिच्याशिवाय राहायची त्याला नव्हती. पण पुष्पावतीबाईंनी बायकांची काशीयात्रा काढली. पुष्पावतीबाई म्हणजे गावातल्या पुढारीणबाई. त्यांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, म्हणून वर्षभर कुठल्या ना कुठल्या देवाला बायका नेणं चाललेलं. या खेपेला निघालेल्यांत निम्म्या रंगनाथच्या भावकीतल्या होत्या.

"समद्या चालल्यात," मनकर्णा म्हणाली. "मी एकटीच काय इथं पीठ खाऊ?"

त्यानं तिला नव्या चपला घेऊन दिल्या.

परतीच्या दिवशी सकाळी पुष्पावतीबाईंचा फोन आला. "नाना, मनकर्णाकाकूंना जरा बरं नाही. तुम्ही एक नंबरवर थांबू नका, डब्यापाशी या. आणि गाडी जरा मोठी आणा."

"काय झालंय?"

"प्रवासाचा शीण हाय. या तुम्ही."

रंगनाथनं शेजारच्या शमशेरला उठवलं. शमशेरची पिकअप होती, कांदा आणि म्हशी दोन्ही त्याच गाडीतून जायचे. त्यानं गाडी धुवून काढली, मागं सतरंजी अंथरली. "भाभीला म्हशीचा वास आला तर मला शिव्या घालंल," म्हणाला. काष्टीहून रंगनाथचा मेहुणा वैजनाथ परस्पर स्टेशनावर आला होता. मनकर्णाचा धाकटा भाऊ. बहीण काशीहून येणार म्हणून माहेरची साडी घेऊन आलेला. साडी दुकानाच्या पिशवीत होती आणि पिशवी त्यानं छातीशी धरली होती.

स्टेशनाच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण पारनेरची माणसं अजून नगरच म्हणतात. रंगनाथला नगरचा एसटी स्टँड डोळे झाकून फिरता येईल. स्टेशनाचं तसं नव्हतं. तो आत शिरला आणि गावच समोर आलं. एक नंबरच्या फलाटावर भावकी जमली होती. बँजोवाले, हार, गुलालाची पोती, पराती, तांबे. दोन पोरांनी फ्लेक्स धरला होता. फ्लेक्सवर काशीचा देव कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मधे पुष्पावतीबाई, हात जोडून.

"गाडी कुठं लागती?" रंगनाथनं विचारलं.

"दोन नंबरला," त्याचे चुलतभाऊ सोपानतात्या म्हणाले. भावकीतलं वडीलधारं माणूस ते. "पन तू कशाला तिकडं जातो? बाया पुलावरनं इकडंच यायच्या. उगं गुडघं दुखवून घेतो."

"हिला बरं न्हाई म्हनं."

तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर हारांकडं वळवली. ती नजर रंगनाथला तेव्हा कळली नाही. नंतर कळली, आणि तेव्हापासून तात्या समोर आले की त्याला थुंकावंसं वाटतं.

तो आणि वैजनाथ पूल चढून पलीकडं उतरले. डबा कुठं येणार ते कळेना. एकानं सांगितलं पुढं, तर ते पुढं गेले. तिथं दुसरा म्हणाला, वरच्या पाटीवर आकडे येतात ते बघा. पाटीवर आकडे आले तेव्हा त्यांना हवा तो डबा पार मागच्या टोकाला निघाला. दोघं उलटे पळाले. परात कठड्याला आपटून वाजली. गाडी लागली तेव्हा रंगनाथच्या तोंडाला फेस आला होता.

बायका उतरत होत्या. गळ्यात काळे दोरे, हातात गडू, अंगावर नव्या साड्या. त्याला बघून एकीनंही तोंड उघडलं नाही. भावकीतली सून होती, एरवी पदर सावरून पाया पडायची, ती पाठ फिरवून पुलाकडं चालू लागली. मग पुष्पावतीबाई उतरल्या आणि त्यांच्याबरोबरची दोन पोरं मनकर्णाला घेऊन उतरली. एकानं काखेत धरलं होतं, एकानं पाय. त्यांनी तिला फलाटावरच्या बाकावर बसवलं, पाठ खांबाला टेकवली आणि मांडीवर तिचीच पिशवी ठेवली. कपाळापर्यंत शाल, तोंडाला मास्क.

रंगनाथ खाली बसला. तिचा हात हातात घेतला. गिरणीवाल्या माणसाला हाताची उष्णता कळते, पीठ किती तापलंय ते तो बोटानं सांगतो. तो हात गार होता आणि बोटं वळत नव्हती.

"नाना," पुष्पावतीबाई त्याच्या कानाशी वाकल्या. अंगाला अत्तराचा वास. "धीर धरा. काकू मनमाड सोडल्यावर गेल्या. झोपेतच. लई पुण्यवान. काशी करून गेल्या."

रंगनाथला आधी काही ऐकूच आलं नाही. मग तो म्हणाला, "मनमाडला का न्हाई उतरवलं?"

"तेव्हा नुसतं छातीत भरल्यागत होत होतं. बाम चोळला. आणि उतरवून काय केलं असतं? परक्या गावात पोलीस, पंचनामा, चिरफाड. आम्ही तुमच्यासाठीच झाकून आणलं. तिकीटवाला येऊन गेला, त्याला म्हणालो, आजारी आहेत, झोपल्यात. इतक्या बायकांनी जिवाचं रान केलं."

रंगनाथनं शालीकडं पाहिलं. शालीवर मांडीपाशी तेलाचा डाग होता, ताजा, आणि डागात लोणच्याची मोहरी चिकटलेली. म्हणजे ही झाकलेली असताना तिच्या पायाशी बसून कोणीतरी पुऱ्या खाल्ल्या होत्या. शालीला बोटं पुसली होती.

"आता माझं ऐका," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "हे कुणाला सांगायचं नाही. तुम्हाला ठाऊकच हाय, कळल्याबिगर सुतक नसतं. तुमच्या भावकीच्या चौदा-पंधरा बाया हायेत. इथं कळलं तर समद्यांना इथंच सुतक लागंल. पाय धुणं नाही, मिरवणूक नाही, मावंद्याचे मुहूर्त काढलेत ते सगळे मोडतील. आणि त्या गडवांना विटाळ. त्यापेक्षा तुम्ही काकूंना मागच्या बाजूनं काढा, मालधक्क्याकडून. आजारी म्हणून न्या. आमची मिरवणूक वेशीतून आत गेली की मग तुम्ही घरी पोहोचा. मग रडा, पडा, आम्ही समद्या येतो."

"गंगेत मढी सोडत्यात," रंगनाथ म्हणाला. "तिला विटाळ हुत न्हाई. मनकर्णानं हुतो व्हय?"

"नाना, वाद घालायची ही येळ हाय का?" बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वैजनाथला म्हणाल्या, "तुम्ही शहाणे दिसता. समजवा यांना." आणि पुलाकडं निघून गेल्या. पोरं तर कधीच गेली होती.

गाडी सुटली. समोर रूळ, रुळांपलीकडं एक नंबर. बँजो सुरू झाला.

सुतक कळल्यापासून लागतं हे रंगनाथला लहानपणापासून माहीत होतं. लांब कुठं भावकीतलं माणूस गेलं आणि महिन्यानं पत्र आलं तर सुतक पत्र वाचल्यापासून धरायचे. त्यात वाईट काही नव्हतं. पण माणूस समोर मरून पडलंय आणि सगळी भावकी ते कळून घ्यायला तयार नाही, असा उपयोग त्या रीतीचा होत असेल हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सोपानतात्यांची नजर आता त्याला कळली. फोन सगळ्यांना गेले होते. त्याला एकट्यालाच 'शीण' सांगितला होता.

"दाजी," वैजनाथ म्हणाला. तो रडत होता, पण दबक्या आवाजात, इकडंतिकडं बघत. "बाई म्हनत्यात ते बराबर हाय. पोलिसांना कळलं तर ताईला फाडत्यान. त्यापरीस गुपचूप नेऊ."

"तिनं काशी केली," रंगनाथ म्हणाला. "त्या बायांनी केली तशीच केली. त्यांचं पाय धुवायचं आन हिला मालधक्क्यानं काढायची? सिमिटाच्या पोत्यावानी?"

"आता ती गेली, दाजी. तिला काय कळतंय."

रंगनाथ उठला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तो मागचीच वाट शोधायला निघाला. माणूस गेल्यावर पहिल्या घटकेत जो जे सांगेल ते आपण करतो, तसंच. परात काखेतच राहिली होती.

तो फलाटाच्या टोकापर्यंत गेला. पुढं उतार होता, उताराखाली खडी आणि रूळ. भिंतीशी दोन माणसं पाठमोरी उभी होती, एक जण मुतता मुतता फोनवर कुणाला तरी "मी बँकेत हाय" सांगत होता. रंगनाथ थांबला. कडेला नारंगी जाकीट घातलेला रेल्वेचा माणूस रुळांवर हातोडी मारत चालला होता.

"सायेब, मालधक्क्याला इकडनं जाता येतं का?"

"इकडनं नाही, बाबा. रूळ ओलांडायला मनाई हाय. पूल चढा, एक नंबरवर उतरा, मोठ्या दारानं बाहेर पडा आन डाव्या हातानं वळसा घाला."

"मागनं दुसरी वाटच न्हाई?"

"माणसांना नाही."

रंगनाथ तिथंच उभा राहिला. मागची वाट पण पुढच्या दारानंच होती. मनकर्णाला दोघांनी काखेत धरून, पूल चढवून, पूल उतरवून, त्या बँजोच्या आणि गुलालाच्या मधून चालवत न्यायचं, आणि सगळ्यांनी तिच्याकडं पाठ करून उभं राहायचं. पुष्पावतीबाईंना हे माहीत नसणार. त्यांनी स्टेशनाची मागची बाजू कधी बघितली असेल?

तो परत फिरला. रुळांपलीकडचं सगळं त्याला दिसत होतं. त्याच्या भावकीतल्या बायका एका ओळीत खुर्च्यांवर बसल्या होत्या. नवरे, दीर, लेकरं खाली बसून पाय धूत होती. एक जण धुतलेलं पाणी डोळ्याला लावत होता आणि त्याचा पोरगा म्हणत होता, "पप्पा, परत लावा, फोटो हालला." सोपानतात्या स्वतःच्या सुनेच्या पायावर हळद टाकत होते. पुष्पावतीबाई प्रत्येकीच्या मागं एकदा उभं राहून फोटो काढून घेत होत्या.

बाकापाशी आला तर वैजनाथ तिथं नव्हता. तो चांगला दहा पावलं लांब, चहाच्या गाड्याशी उभा होता, हातात कागदी कप. आणि मनकर्णाच्या शेजारी एक जाडजूड माणूस येऊन बसला होता. त्यानं तिच्या मांडीवरच्या पिशवीला टेकवून आपला जेवणाचा डबा उघडला होता.

"मावशी, सरकता का जरा?" त्या माणसानं भाकरी मोडत विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून त्यानं खांद्यानं हळूच ढकललं. मनकर्णा खांबावरून घसरली आणि एका कुशीला कलंडली. मास्क वर सरकला.

"अहो, झोप लागली काय यांना?" तो माणूस हसला.

रंगनाथनं पुढं होऊन तिला सावरलं. मास्क तोडून फेकला. तिचं तोंड थोडं उघडं होतं आणि ओठाच्या कोपऱ्यात बामाचा पिवळा थर वाळला होता. कुणीतरी तिथंही बाम लावला होता. घाईत, न बघता.

"मेलीय ती," रंगनाथ म्हणाला.

त्या माणसाच्या हातातला घास तसाच राहिला. मग आपला डबा, आपली पिशवी, पाण्याची बाटली उचलून तो जो निघाला तो मागं न बघता. वैजनाथ चहा टाकून धावत आला.

"दाजी, काय करता!"

"हितं बस. हिच्यापासनं हाललास तर काष्टीला तंगड्या मोडून पाठवीन. हिला टेकव खांद्यावर. तुझी बहीन हाय, पोतं न्हाई."

वैजनाथ बसला. रंगनाथनं परात उचलली आणि पूल चढला. पुलावर त्याचे गुडघे कुरकुरले नाहीत, नंतर त्याला आठवलं तेव्हा त्याचंच नवल वाटलं.

एक नंबरवर उतरला तेव्हा बँजो रंगात आला होता. तो सरळ मधे जाऊन उभा राहिला आणि परात फलाटावर आपटली. बँजोवाला थांबला. बाकीचे त्याच्या मागोमाग थांबले.

"मनकर्णा मेली," रंगनाथ म्हणाला. आवाज चढवायची त्याला गरज पडली नाही. "माझी बायकू. गाडीत मेली. दोन नंबरला बाकावर बसवलीय. समद्यांना कळलं का? तात्या, तुमाला कळलं?"

ज्या बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या त्यांनी पराती­तले पाय वर घेतले. एकीच्या पायाची हळद तशीच ओघळत राहिली.

"नाना घाबरलेत," पुष्पावतीबाई पुढं आल्या. "काकूंना चक्कर आलीय. वाजवा रे तुम्ही."

बँजोवाल्यानं तात्यांकडं पाहिलं. सोपानतात्यांनी तोंड पुसलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "मला तर काय ऐकू आलं न्हाई. गोंगाट हाय. वाजवा."

"आता गोंगाट कुठंय, तात्या?" गर्दीतून आवाज आला. शमशेर होता. पार्किंगमधून आत आला होता. "सगळं चिडीचूप झालंय. मला बाहेर ऐकू आलं."

"तू गप रं. तुला काय समजतंय आमच्यातलं?"

"ते बी खरं," शमशेर म्हणाला. "आमच्यात मेलं की मेलं म्हणत्यात."

बँजोवाल्यानं वाजवलं नाही. त्यानं गळ्यातला पट्टा काढला आणि बाकीच्यांना खूण केली. तो गावचा नव्हता, केडगावचा होता, त्याला भावकी नव्हती. मग जे झालं ते फार पटकन झालं. एक बाई उठली, तिच्या मागं दुसरी. हार खुर्च्यांवर टाकले. गुलालाची पोती तशीच. "आंघोळी कराव्या लागत्यान आता." "म्हनलं हुतं मी, नगरला उतरायचंच नको." "माझ्या मावंद्याचं आचाऱ्याला सांगितलंय, त्याचं काय?" एवढं सगळं रंगनाथच्या कानावर पडलं. मनकर्णाचं नाव एकदाही पडलं नाही. एक बाई जाता जाता त्याच्याजवळ थांबली तेव्हा त्याला वाटलं, ही तरी काही म्हणेल. ती म्हणाली, "नाना, घरी जाऊन सांगितलं असतं तर काय बिघडत हुतं?"

तात्या जाताना म्हणाले, "भावकीला तोंड दाखवू नगं." रंगनाथला हसू आलं. तोंड दाखवायला तिथं राहिलंच होतं कोण? फ्लेक्स धरणारी पोरं तेवढी उभी होती, पुष्पावतीबाईंनी सोडा म्हटलं नव्हतं म्हणून.

रंगनाथ स्टेशन मास्तरांच्या खोलीत गेला आणि सांगितलं. तिथं सगळं जसं व्हायला पाहिजे तसं झालं. मास्तरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, फोन केले. डॉक्टर आले, पोलीस आले. निकिता नावाची पोलीसबाई होती, तिनं काय काय विचारलं आणि रंगनाथनं जे होतं ते सांगितलं. सरकारी दवाखान्यात न्यावं लागेल म्हणाली. त्याला माहीत होतं. मनमाडलाच माणसं घाबरली नसती तर कदाचित मनकर्णाला तिथल्याच दवाखान्यात नेलं असतं, जिवंत. हे 'कदाचित' तेव्हापासून त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही.

स्ट्रेचर आणला. हमालांबरोबर शमशेरनं पुढचा दांडा धरला. पलीकडून इकडं आणेपर्यंत वैजनाथ बहिणीच्या डोक्याखाली हात घालून चालत होता. त्याचा शर्ट घामानं भिजला होता.

"ॲम्ब्युलन्स पार्सलच्या दाराला लावू का?" मास्तरांनी विचारलं. चांगल्या मनानंच विचारलं. "तिकडून जवळ पडेल, गर्दी पण नाही."

"न्हाई सायेब. ती पुढच्या दारानं गेली हुती. तिकडनंच न्यायची."

"चालेल."

दारापाशी रंगनाथनं स्ट्रेचर खाली ठेवायला सांगितला. फलाटभर गुलाल सांडला होता, झेंडूची फुलं तुडवली गेली होती, लोकांनी टाकलेल्या परातींत हळदीचं पाणी होतं आणि एका परातीत कुणीतरी चहाचा कप बुडवला होता. ती सगळी घाण पायानं बाजूला सारून त्यानं जागा केली. त्याची परात आपटल्यानं एका बाजूला चेपली होती. नळाचं पाणी शमशेरनं बाटलीतून आणलं.

"मॅडम, एवढं करू का?"

निकितानं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. "करा. फक्त पाय. बाकी कुठं हात लावू नका."

रंगनाथनं तिच्या चपला काढल्या. टाचांना फोड आले होते, नव्या चपलांचे. एका फोडाला तिनं चिंधी बांधली होती, आपल्याच जुन्या पदराची. काशीभर ही अशीच चालली असणार आणि कुणाला म्हणाली नसणार. त्यानं चिंधी सोडली. पाय धुतले, बोटांच्या मधून बोट फिरवून, नीट. हळद नव्हती. एका टाकलेल्या परातीच्या काठाला थोडी सुकी हळद लागली होती, पण तिला हात लावायची त्याला किळस आली. त्यानं नुसतं पाणीच घातलं.

वैजनाथनं पिशवीतून साडी काढली. हिरवी होती. ती त्यानं तिच्या अंगावर पसरली आणि मग मोठ्यानं रडला. पहिल्यांदाच, लोकांकडं न बघता. शमशेर दुसरीकडं तोंड करून उभा राहिला.

बाहेर पुष्पावतीबाईंची गाडी अजून होती. काच खाली झाली. "नाना, तुम्ही हे बरं नाही केलं. आम्ही तुमच्या भल्याचंच बघत होतो."

रंगनाथ खरोखर थुंकला. गाडीवर नाही, रस्त्यावर. पण त्यांनी काच वर घेतली.

दवाखान्यानं हृदय बंद पडल्याचं सांगितलं. त्याच दिवशी संध्याकाळी गावात अग्नी दिला. मुलगी रेश्मा चाकणहून आली होती, तिनंच सगळं केलं. खांद्याला शमशेर, वैजनाथ, गिरणीवर येणारी दोन-चार माणसं. भावकी आली, पण लांब उभी राहिली आणि आंघोळीची घाई असल्यासारखी निघून गेली.

सुतक फिटल्यावर गावात मावंद्यांचा सपाटा लागला. मोडलेले मुहूर्त नव्यानं काढले. चौकात नवा फ्लेक्स लागला. वर पुष्पावतीबाई, हात जोडून, आणि खाली एका गोलात मनकर्णाचा फोटो. खाली लिहिलं होतं, काशीयात्रेत पुण्यमरण लाभलेल्या आमच्या मार्गदर्शक. मनकर्णा आयुष्यात कुणाला मार्गदर्शन करायला गेली नाही. रंगनाथ शिडी घेऊन गेला आणि दिवसाढवळ्या, लोकांच्या समोर, कात्रीनं तेवढा गोल कापून घेतला. बाकीचा फ्लेक्स भोक पडलेला तसाच लोंबत राहिला. दोन दिवसांनी तो उतरवला. गिरणीवर दळणं कमी झाली, भावकीची सगळी बंद झाली. त्याला त्याचं काही वाटत नाही. त्यांच्या पिठाला हात लावायची त्याचीच इच्छा उरलेली नाही.

रेश्मा मागं लागलीय. मनकर्णाचा गडू तिच्या पिशवीतून घरी आला, देवाजवळ ठेवलाय, त्याचं मावंदं घाला म्हणते. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, गेलेल्या माणसाचंही घालता येतं, अडचण नाही. पण बरोबर काशी केलेल्या बायकांना पहिल्या पंगतीला बोलवावं लागतं. त्यांनी जेवून हात धुतल्याशिवाय मावंदं झालं असं धरत नाहीत.

रंगनाथनं एकदा मनातल्या मनात ती पंगत बसवून बघितली. त्याच बायका, त्याच पुऱ्या, लोणचं वाढायला तो स्वतः. तो उठून मोरीत गेला आणि चूळ भरून आला.

मावंदं घालायचं राहिलं आहे.